एककांच्या रूपांतरात ९.८ कुठे दडलेला असतो

यंत्रांच्या आरेखनाचे काम करणाऱ्याच्या टेबलावर निरनिराळ्या काळांतले आणि निरनिराळ्या देशांतले कागद एकत्र येतात. एखाद्या जुन्या मोटरचा कॅटलॉग किलोग्रॅम-फोर्समध्ये लिहिलेला असतो, अमेरिकेतून आलेल्या गिअरबॉक्सच्या ड्रॉइंगवर पौंड असतात, आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळे भरायचे असते ते न्यूटन, मिलिमीटर आणि टन मागते. नव्याने रुजू झालेले इंजिनिअर मला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे अमुक एककाला किती आकड्याने गुणायचे. गुणक कोणत्याही हँडबुकात मिळतो आणि तो क्वचितच चुकीचा असतो. चूक होते ती त्याच्या आधीच्या पायरीवर, म्हणजे समोरच्या कागदावर लिहिलेला ‘किलो’ किंवा ‘पौंड’ हा वस्तुमानाचा आहे की बलाचा, हे ठरवण्याच्या पायरीवर. म्हणून गुणकांचा तक्ता देण्याऐवजी त्या आधीच्या पायरीबद्दल सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

मूळ गोष्ट न्यूटनच्या दुसऱ्या नियमात आहे. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. लांबी आणि काळ यांची एकके एकदा ठरली की बल आणि वस्तुमान या दोहोंपैकी एकाचेच एकक आपल्याला आपल्या मर्जीने निवडता येते, दुसरे या समीकरणातून आपोआप निघते. एसआय, म्हणजे आजच्या आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीने वस्तुमान निवडले, म्हणून किलोग्रॅम हे मूळ एकक झाले आणि एक किलोग्रॅमला एक मीटर प्रति सेकंद वर्ग इतके त्वरण देणारे बल म्हणजे एक न्यूटन, असे बलाचे एकक त्यातून निघाले. इंजिनिअरांच्या जुन्या पद्धतींनी नेमके उलटे केले. पूल, क्रेन, बॉयलर आणि दोर यांच्याशी ज्यांचा रोजचा संबंध, त्यांना भार म्हणजेच बल हे अधिक जवळचे वाटत होते, त्यामुळे त्यांनी बल मूळ मानले आणि वस्तुमानाचे एकक निष्पन्न होऊ दिले. यात चुकीचे काहीच नव्हते. पुढचा सगळा गोंधळ झाला तो दोन्ही पद्धतींनी आपल्या मूळ एककाला ‘किलोग्रॅम’ हेच नाव ठेवल्यामुळे.

बल मूळ मानणाऱ्या तांत्रिक मेट्रिक पद्धतीत एक किलोग्रॅम-फोर्स (केजीएफ), म्हणजे प्रमाण गुरुत्वाखाली एक किलोग्रॅम वस्तुमानाचे वजन, हे बल मूळ आहे. हे बल ज्या वस्तुमानाला एक मीटर प्रति सेकंद वर्ग इतके त्वरण देते ते त्या पद्धतीतले वस्तुमानाचे एकक, आणि त्याचे मूल्य ९.८०६६५ किलोग्रॅम भरते. या एककाला काही ठिकाणी ‘हिल’ म्हटले गेले, जर्मन पुस्तकांत ते ‘टीएमई’ या आद्याक्षरांनी येते, पण आपल्याकडच्या जुन्या गणितांत ते बहुधा बिननावाचेच असते आणि फक्त ‘केजीएफ सेकंद वर्ग प्रति मीटर’ असे लिहिलेले दिसते. मला हे लांबलचक लिहिणेच अधिक पसंत आहे, कारण त्यात बल, काळ आणि लांबी तिन्ही डोळ्यांसमोर राहतात आणि त्याला कोणी चुकून किलोग्रॅम समजत नाही.

९.८०६६५ हा आकडा मोजून काढलेला नसून ठरवून घेतलेला आहे. १९०१ साली वजनमापांच्या तिसऱ्या सर्वसाधारण परिषदेने प्रमाण गुरुत्वत्वरण म्हणून तो स्वीकारला, आणि किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे, वजनाचे किंवा बलाचे नव्हे, हेही त्याच परिषदेने स्पष्ट शब्दांत नोंदवले. पुण्यात प्रत्यक्ष गुरुत्वत्वरण सुमारे ९.७८ आहे, कारण आपण विषुववृत्ताच्या बरेच जवळ आहोत. तरीही किलोग्रॅम-फोर्सचे न्यूटनमध्ये रूपांतर करताना पुण्यातला इंजिनिअरही ९.८०६६५ हाच आकडा वापरतो, कारण येथे तो एककाच्या व्याख्येचा भाग आहे. स्थानिक गुरुत्वत्वरण लागते ते एखाद्या वस्तुमानावर या जागी प्रत्यक्ष किती बल पडते हे काढायचे असेल तेव्हाच. एका गणितात ९.८१ आणि दुसऱ्यात ९.७८ पाहून गोंधळणाऱ्यांनी ही दोन कामे वेगळी ठेवली की शंका मिटते.

पौंडांच्या बाजूला हाच प्रकार अधिक गुंतागुंतीचा आहे. १९५९ साली अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी मिळून पौंडाचे मूल्य ०.४५३५९२३७ किलोग्रॅम असे नेमके ठरवले, आणि फूट ०.३०४८ मीटर असा नेमका बांधला. म्हणजे वस्तुमानाच्या पौंडाविषयी आता कोणतीही संदिग्धता उरलेली नाही. पण बलाचा पौंड मूळ मानून, त्याने एक फूट प्रति सेकंद वर्ग इतके त्वरण ज्या वस्तुमानाला मिळते त्याचे वेगळे एकक केले, तर ते ‘स्लग’ होते. हे नाव आर्थर मेसन वर्दिंग्टन या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने दिले. स्लगाचे किलोग्रॅममधले मूल्य पाठ करण्याची गरज नाही, ते वरच्या तीन ठरीव आकड्यांतूनच निघते. ०.४५३५९२३७ ला ९.८०६६५ ने गुणून ०.३०४८ ने भागावे, १४.५९३९ किलोग्रॅम येतात. पौंडांत तेच ३२.१७४ होतात. रूपांतराचा एखादा आकडा अशा रीतीने स्वतः उभा करून पाहिला की त्यातला कोणता भाग व्याख्येचा आणि कोणता हिशेबाचा हे कायमचे लक्षात राहते, आणि विद्यार्थ्यांनी हे एकदा तरी हाताने करावे असा माझा आग्रह असतो.

अमेरिकन पुस्तकांत याखेरीज एक तिसरी रीत आढळते. तिच्यात वस्तुमानही पौंडांत आणि बलही पौंडांतच मोजतात, आणि समीकरण जुळावे म्हणून मध्ये ३२.१७४ चा एक स्थिरांक घालतात. तो त्वरणासारखा दिसतो, पण तो त्वरण नाही, तो केवळ एककांचे मेळ घालणारा आकडा आहे. उष्मागतिकीच्या आणि रासायनिक अभियांत्रिकीच्या पुस्तकांत ही रीत फार खोल रुजलेली आहे आणि तिच्यात अचूक काम करणारे लोक मी पाहिलेले आहेत, तरी माझे मत तिच्या विरुद्धच आहे. ज्या आकड्याला विसरता येते आणि विसरल्यावरही एककांची नावे कागदावर ठीकच दिसतात, तो आकडा धोक्याचा असतो. स्लग निदान परका वाटतो, त्यामुळे वाचणारा थबकून पाहतो.

एक साधे उदाहरण पूर्ण करून दाखवतो. एका यंत्राच्या भागाचे वजन कॅटलॉगमध्ये ३,२२० पौंड दिले आहे आणि तो उचलताना यारीने त्याला दोन फूट प्रति सेकंद वर्ग इतके त्वरण द्यायचे आहे. दोराला वजनाखेरीज किती जादा ओढ सोसावी लागेल? ३,२२० ला ३२.१७४ ने भागले की १००.०८ स्लग मिळतात, त्यांना दोनाने गुणले की सुमारे २०० पौंड-फोर्स. हेच एसआयमध्ये करायचे तर ३,२२० पौंड म्हणजे १,४६०.६ किलोग्रॅम, दोन फूट म्हणजे ०.६०९६ मीटर, आणि गुणाकार ८९० न्यूटन. २०० पौंड-फोर्सला ४.४४८ ने गुणून पाहिले तर तेच ८९० न्यूटन हाती येतात. भागाकार विसरून कोणी सरळ ३,२२० ला दोनाने गुणले, तर ६,४४० पौंड-फोर्स येतील, म्हणजे भागाच्या स्वतःच्या वजनाच्या दुप्पट. येथे क्षणभर थांबून पाहिले तरी चूक कळते. गुरुत्वाचे त्वरण फुटांत ३२ च्या आसपास असताना दोनचे त्वरण वजनाच्या सोळाव्या हिश्शाएवढीच ओढ मागू शकते. ही ताळ्याची सवय मला कोणत्याही तक्त्यापेक्षा अधिक मोलाची वाटते.

यापेक्षा फसवे प्रकरण म्हणजे मोटरच्या कॅटलॉगमधला ‘जीडी स्क्वेअर’. फ्लायव्हील, कपलिंग आणि मोटरचा रोटर यांना फिरवायला किती जोर लागेल हे सांगणारे हे माप जुन्या युरोपीय, जपानी आणि भारतीय कॅटलॉगांत सर्रास सापडते. त्यातला ‘जी’ म्हणजे वजन, किलोग्रॅम-फोर्समध्ये, आणि ‘डी’ म्हणजे परिभ्रमणाचा व्यास, ज्यावर सगळे वजन एकवटले आहे असे धरता येते. आपल्याला गणितात लागतो तो मोमेंट ऑफ इनर्शिया (फिरण्याला होणारा जडत्वाचा विरोध), ज्यात वजनाच्या जागी वस्तुमान आणि व्यासाच्या जागी त्रिज्या असते. म्हणजे येथे एकाच वेळी दोन फरक आहेत, त्रिज्येमुळे चारने भागण्याचा आणि वजनामुळे ९.८०६६५ ने भागण्याचा.

समजा एका मोटरचा जीडी स्क्वेअर १२ किलोग्रॅम-फोर्स मीटर वर्ग दिला आहे. तांत्रिक पद्धतीत पुढे जायचे असेल तर १२ ला चारने आणि मग ९.८०६६५ ने भागावे, ०.३०६ केजीएफ मीटर सेकंद वर्ग येतात. एसआयमध्ये जायचे असेल तर एक किलोग्रॅम-फोर्स वजनाच्या वस्तूचे वस्तुमान एक किलोग्रॅमच असते, त्यामुळे फक्त चारने भागायचे, आणि उत्तर तीन किलोग्रॅम मीटर वर्ग. आता ही मोटर १०० न्यूटन मीटरच्या टॉर्कने (फिरवणाऱ्या जोराने) शून्यापासून १,४८० आरपीएमपर्यंत किती वेळात पोहोचेल? १,४८० आरपीएम म्हणजे सेकंदाला १५५ रेडियन. तीन गुणिले १५५ भागिले १००, म्हणजे साडेचार सेकंदांहून थोडा अधिक, ४.६५ सेकंद. तांत्रिक पद्धतीत टॉर्क १०.२ केजीएफ मीटर होतो, ०.३०६ गुणिले १५५ भागिले १०.२, उत्तर पुन्हा ४.६५ सेकंद. पण कोणी इनर्शिया एसआयचा तीन घेतला आणि टॉर्क तांत्रिक पद्धतीचा १०.२ घेतला, तर उत्तर साडेपंचेचाळीस सेकंदांच्या वर जाते. इतका वेळ मोटर चालू होण्याचा प्रवाह ओढणार असे समजून एखादा माणूस विनाकारण मोठी मोटर आणि मोठा स्टार्टर मागवेल. उलट दिशेने मिसळ झाली, तर अर्ध्या सेकंदाच्या आत मोटर वेग घेईल असे उत्तर येईल आणि ओव्हरलोड रिले चुकीच्या वेळेवर बसवला जाईल. दोन्ही पद्धती आपापल्या जागी निर्दोष असताना अर्धे गणित एकीत आणि अर्धे दुसरीत केल्याने नुकसान होते.

अमेरिकन कॅटलॉगात हेच माप पौंड फूट वर्गात, त्रिज्या धरून आणि वस्तुमानाच्या पौंडात येते. त्याला ०.०४२१४ ने गुणले की किलोग्रॅम मीटर वर्ग मिळतात. स्लग फूट वर्गात दिलेले असेल तर गुणक १.३५५८ आहे. या दोन गुणकांचे गुणोत्तर पुन्हा ३२.१७४ च भरते, हे पाहून घ्यावे.

सॉफ्टवेअर आल्यापासून हे प्रश्न संपले असे पुष्कळांना वाटते. माझा अनुभव असा आहे की ते अधिक खोलवर गेले. फायनाइट एलिमेंटच्या, म्हणजे भागाचे लहान तुकडे करून ताण आणि कंपने काढणाऱ्या, बहुतेक प्रोग्रॅमना एककांची नावे ठाऊक नसतात. ते फक्त आकडे घेतात आणि आपण परस्परांशी सुसंगत एकके दिली आहेत असे गृहीत धरतात. मॉडेल मिलिमीटरमध्ये आणि बल न्यूटनमध्ये असेल, तर समीकरणातून निघणारे वस्तुमानाचे एकक किलोग्रॅम नसून टन असते, कारण एक टन वस्तुमानाला एक मिलिमीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण द्यायला एक न्यूटन लागतो. म्हणून पोलादाची घनता, जी आपण सगळे ७,८५० किलोग्रॅम प्रति घन मीटर म्हणून ओळखतो, ती तेथे ७.८५ गुणिले १० चा उणे नववा घात अशी भरावी लागते. किलोग्रॅम प्रति घन मिलिमीटर या हिशेबाने कोणी उणे सहावा घात भरला, तर वस्तुमान हजारपट होते. स्थिर भाराच्या गणितात बल बाहेरून दिलेले असल्यामुळे ताण बरोबर येतात, विस्थापन बरोबर येते, रंगीत चित्रे सुंदर दिसतात, आणि चूक दडून राहते. ती उघड होते नैसर्गिक वारंवारता काढताना, कारण वारंवारता वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते आणि हजाराचे वर्गमूळ ३१.६ आहे. ज्या ब्रॅकेटची पहिली वारंवारता ९५ हर्ट्झ असायला हवी, तो तीन हर्ट्झ दाखवतो. हाताच्या तळव्याएवढा पोलादी ब्रॅकेट सेकंदाला तीनदा हेलकावे खाणे शक्य नाही, हे ज्याने कधी पोलाद हाताळले आहे त्याला सांगावे लागत नाही, पण केवळ पडद्यावर काम शिकलेल्याला सांगावे लागते.

इंच आणि पौंड-फोर्स वापरणाऱ्या मॉडेलमध्ये वस्तुमानाचे एकक आणखी अपरिचित असते. ते बारा स्लगांएवढे, म्हणजे ३८६.०९ पौंड किंवा १७५.१३ किलोग्रॅम असते. पोलादाची घनता अमेरिकन हँडबुकात ०.२८४ पौंड प्रति घन इंच मिळते आणि ती तशीच भरण्याचा मोह होतो. खरी भरायची घनता तिला ३८६.०९ ने भागून येते, साधारण ०.०००७३६. न भागता भरली तर वारंवारता जवळजवळ विसाव्या हिश्शावर येते.

आपल्या कारखान्यांत ‘किलो’ हा बलाच्या अर्थानेही किती सहज वावरतो हे कॉम्प्रेसरच्या खोलीत उभे राहिले की कळते. सात किलो प्रेशर म्हणजे सात किलोग्रॅम-फोर्स प्रति चौरस सेंटिमीटर, आणि साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मितीच्या बॉयलरचे ६७ किलो म्हणजे ६५.७ बार. त्याच कारखान्यात उसाचे वजनकाट्यावरचे टन आणि बॉयलरमधून ताशी निघणारी टनांतली वाफ हे मात्र वस्तुमानाचे आकडे असतात. बोलण्यात याने कोणाचे बिघडत नाही आणि ते बदलावे असेही मला वाटत नाही. कागदावर लिहिताना मात्र दाबाच्या आणि बलाच्या आकड्यापुढे ‘केजीएफ’ लिहावे आणि वस्तुमानापुढे ‘किग्रॅ’ लिहावे, एवढी शिस्त मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकाकडून मागतो.

एकक न लिहिलेला गुणक काय करू शकतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण कॅनडातले आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे बोइंग ७६७ विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले. इंधनमापक नादुरुस्त असल्यामुळे टाकीतले इंधन पट्टीने मोजले गेले, ते ७,६८२ लिटर भरले. प्रवासाला २२,३०० किलोग्रॅम हवे होते. लिटरांचे किलोग्रॅम करण्यासाठी १.७७ हा गुणक वापरला गेला, जो इतर विमानांसाठी वर्षानुवर्षे वापरात होता, पण तो पौंड प्रति लिटर होता. किलोग्रॅमसाठी ०.८०३ हवा होता. त्या गुणकाने ७,६८२ लिटरांचे १३,५९७ ‘किलोग्रॅम’ झाले, तुटीचे ८,७०३ आणि त्यांचे ४,९१६ लिटर भरले गेले. खरे पाहता टाकीत ६,१६९ किलोग्रॅमच होते आणि सुमारे २०,०९० लिटर भरायला हवे होते. दोन्ही इंजिने आकाशात बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअरसन आणि सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी विमान तरंगत आणून गिमली येथील हवाई दलाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले आणि विमानातले सर्व ६९ जण वाचले. या हिशेबातला प्रत्येक गुणाकार आणि भागाकार अंकगणित म्हणून बरोबर आहे. अनेकांनी तो तपासला आणि तो बरोबरच आला, कारण सगळे आकडे तपासत होते. १.७७ च्या पुढे ‘पौंड प्रति लिटर’ एवढे तीन शब्द लिहिलेले असते, तर ते किलोग्रॅमशी जुळत नाहीत हे पहिल्याच माणसाला दिसले असते.

म्हणूनच एखाद्या अनोळखी पुस्तकातली किंवा तक्त्यातली एकके ओळखण्यासाठी मी आधी त्यात पाण्याची घनता शोधतो. ती १,००० असेल तर पुस्तक एसआयचे आहे, किंवा ती घनता नसून किलोग्रॅम-फोर्समध्ये दिलेले विशिष्ट वजन आहे. १०२ असेल तर तांत्रिक मेट्रिक पद्धत आहे, कारण १,००० भागिले ९.८०६६५ म्हणजे १०१.९७. ६२.४ असेल तर पौंड प्रति घन फूट, आणि १.९४ असेल तर स्लग प्रति घन फूट. विमानांच्या पुस्तकात पाण्याऐवजी समुद्रसपाटीवरची हवा पाहावी. एसआयमध्ये ती १.२२५ आणि स्लगांत ०.००२३७७ असते. एका आकड्यावरून अख्ख्या पुस्तकाची पद्धत कळते आणि मग पुढची सूत्रे निर्धास्तपणे वापरता येतात.

टनाबद्दल थोडक्यात. अमेरिकन टन २,००० पौंडांचा, म्हणजे ९०७.१८ किलोग्रॅमचा. ब्रिटिश टन २,२४० पौंडांचा, म्हणजे १,०१६.०५ किलोग्रॅमचा. आपला मेट्रिक टन १,००० किलोग्रॅमचा. परदेशी यारीच्या पाटीवर नुसता ‘टन’ असेल तर विक्रेत्याकडून लेखी खुलासा घ्यावा, तर्क करू नये.

शेवटी आकड्यांच्या लांबीविषयी. ०.४५३५९२३७ हा गुणक नेमका आहे म्हणून उत्तरही तितकेच नेमके होत नाही. कॅटलॉगातले ३,२२० पौंड जवळच्या दहा पौंडांपर्यंत दिलेले असतील, तर १,४६०.५६७ किलोग्रॅम असे ड्रॉइंगवर लिहिणे म्हणजे कोणी न मोजलेली अचूकता कागदावर आणणे होय. गणित चालू असताना सर्व अंक ठेवावेत आणि अखेरीस १,४६० किलोग्रॅम असे लिहावे. त्याच्या शेजारी कंसात मूळचे ३,२२० पौंड आणि ज्या कॅटलॉगवरून ते घेतले त्याचा क्रमांक ठेवावा, म्हणजे पुढे कोणाला रूपांतर पुन्हा तपासायचे झाले तर गोल केलेल्या आकड्यापासून सुरुवात करावी लागत नाही.